गाटून किती भरलं? पनामा कालव्यातल्या पाण्याचा हिशोब

गलबत:

पनामा कालव्याबद्दल मराठीत वाचायला गेलं की दोन विधानं ठरलेली. एक, दोन महासागरांची पातळी वेगळी म्हणून तिथे जलपाश, म्हणजे लॉक (पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली करणाऱ्या बंद खोल्या), बांधावे लागले. दुसरं, समुद्राचं पाणी आत घेऊन जहाजं वर चढवतात. दोन्ही चूक. पॅसिफिकची सरासरी पातळी कॅरिबियन बाजूपेक्षा जेमतेम २० सेंटिमीटर जास्त आहे, तेवढ्यासाठी कुणी इतकं काँक्रीट ओतलं नसतं. आणि लॉकमध्ये समुद्राचं पाणी चढवत नाहीत, तळ्याचं गोडं पाणी खाली सोडतात.

चाग्रेस नदीवर गाटून इथे मातीचं धरण घातलं आहे. १९१३ च्या जूनमध्ये सांडव्याची दारं बंद केली आणि मागे सुमारे ४३० चौरस किलोमीटरचं तळं भरलं. त्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर २६ मीटर. अटलांटिककडून आलेलं जहाज गाटूनच्या तीन पायऱ्या चढून या तळ्यात येतं, तळं ओलांडतं, कुलेब्राच्या खिंडीतून जातं, मग पेद्रो मिगेलची एक आणि मिराफ्लोरेसच्या दोन पायऱ्या उतरून पॅसिफिकला लागतं. ८० किलोमीटर, आठ ते दहा तास. म्हणजे हा कालवा कमी आणि धरणाचं बॅकवॉटर जास्त. (अवांतर: संयोगभूमी तिथे वळण घेत असल्यामुळे पॅसिफिककडचं तोंड अटलांटिककडच्या तोंडाच्या पूर्वेला आहे. नकाशा उघडून बघा, नाहीतर विश्वास बसत नाही.)

लॉकच्या जुन्या, २०१६ आधीच्या खोल्या ३०४.८ मीटर लांब आणि ३३.५३ मीटर रुंद. त्या भरायला एकही पंप नाही. भिंतींच्या पोटात साडेपाच मीटर व्यासाचे बोगदे आहेत, त्यांतून खोलीच्या तळाखाली आडव्या मोऱ्या निघतात, आणि फरशीला शंभर भोकं. वरची झडप उघडली, खालची बंद ठेवली की पाणी फरशीतून वर उमलतं. सगळं पाणी एका बाजूने सोडलं असतं तर लोंढ्याने जहाज समोरच्या भिंतीवर घातलं असतं, म्हणून भोकं पूर्ण तळभर पसरली आहेत. दोन्हीकडचे बोगदे उघडले तर खोली आठ मिनिटांतही भरते.

रिकामी करताना उलटं: खालची झडप उघडायची, पाणी पुढच्या पायरीत, शेवटी समुद्रात. गाटूनला तीन पायऱ्या असल्या तरी तेच पाणी वरून खाली झिरपत जातं, त्यामुळे तळ्यातून जाणारं पाणी एका बाजूला साधारण एका खोलीइतकंच. दोन्ही बाजू धरून एका जहाजामागे सुमारे २ लाख घनमीटर, म्हणजे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्राला जातं. हे पाणी परत येत नाही. पुढची सगळी चर्चा या आकड्याभोवती व्हावी अशी अपेक्षा.

कोयनाकाठ:

उत्तम धागा. आपल्याकडे धरण टीएमसीत मोजतात, म्हणून रूपांतर करून ठेवतो. १ टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे २८.३ दलघमी (दशलक्ष घनमीटर). एक जहाज ०.२ दलघमी पितं. दिवसाला ३६ जहाजं धरली तर ७.२ दलघमी, म्हणजे पाव टीएमसी. चार दिवसांत एक टीएमसी. वर्षाचे झाले ९० ते ९३ टीएमसी. कोयनेची एकूण क्षमता १०५ टीएमसी आहे. थोडक्यात दरवर्षी जवळजवळ एक कोयना समुद्रात ओतायची, ती फक्त जहाजं वर-खाली करायला. हा कागदावरचा हिशोब आहे, पण अंदाज यायला पुरे.

एक प्रश्न. गाटूनची क्षमता साधारण ५,२०० दलघमी, म्हणजे १८३ टीएमसी वाचली. मग दोन वर्षं पाऊस नाही पडला तरी चालायला हवं. २०२३ च्या दुष्काळात एवढी बोंब का झाली?

गलबत:

कारण त्या १८३ टीएमसीतलं बहुतेक पाणी वापरताच येत नाही. उजनी 'मायनस'मध्ये गेली तरी आपण मृतसाठ्यातून पाणी उचलतो. गाटूनमध्ये मृतसाठ्यावरच तर जहाजं तरंगतात! तळ्याची पातळी तिथे फुटांत सांगतात. वरची मर्यादा ८९ फुटांच्या आसपास, आणि ८० च्या खाली जायला लागलं की मोठ्या जहाजांच्या तळाखाली खिंडीत पुरेसं पाणी उरत नाही. म्हणजे सगळा खेळ वरच्या आठ-नऊ फुटांचा. तुमच्याच रीतीने मोजा: ४३० चौ. किमीवर एक फूट म्हणजे १३१ दलघमी, साडेचार टीएमसीहून थोडं जास्त. ३६ जहाजांच्या हिशोबाने तळ्याचा एक फूट अठरा दिवसांत संपतो. त्यात बाष्पीभवन धरलेलं नाही, आणि पिण्याचं पाणीही नाही. पनामा सिटी आणि कोलोन ही दोन्ही शहरं याच साठ्यावर आहेत, देशाची निम्म्याहून अधिक लोकसंख्या यातलं पाणी पिते.

कोयनाकाठ:

म्हणजे पिण्याला आधी की उद्योगाला आधी, हे भांडण तिथेही आहे. गंगापूर-जायकवाडीची आठवण झाली.

सुकाणू:

जहाजाच्या बाजूने थोडी भर.

पहिली अडचण गोड्या पाण्याचीच. गोडं पाणी हलकं, त्यात जहाज जास्त बुडतं. तळं उष्ण असल्यामुळे घनता आणखी कमी. कालव्याचे नियम ०.९९५४ धरतात, समुद्राचं पाणी १.०२५. जुन्या लॉकसाठी कमाल ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडतं ते, १२.०४ मीटर आहे, पण तो उष्ण कटिबंधातल्या गोड्या पाण्यातला. समुद्रात तेवढाच ड्राफ्ट ठेवून आलात तर तळ्यात शिरल्यावर तुम्ही मर्यादेपेक्षा जास्त बुडालात.

हिशोब असा. विस्थापन (मालासकट जहाजाचं वजन) भागिले (चार गुणिले प्रतिसेंटिमीटर टन); उत्तर मिलिमीटरमध्ये. विस्थापन ७२,००० टन आणि जहाज एक सेंटिमीटर बुडवायला ६६ टन लागत असतील तर ७२,००० ÷ २६४ = २७३ मिमी. हे १.००० घनतेपर्यंतचं. ०.९९५४ साठी १.१८ ने गुणा: सुमारे ३२ सेंटिमीटर. म्हणजे समुद्रातून येताना ड्राफ्ट ११.७२ च्या वर असता कामा नये. यात कालव्यात शिरेपर्यंत जळणाऱ्या इंधनाची आणि गोड्या पाण्याच्या टाक्यांची वजाबाकी-बेरीज वेगळी. नवशिके अधिकारी चुकतात ते दोन ठिकाणी: १.१८ चा गुणक विसरतात, किंवा जहाज मागून बुडलेलं असताना सरासरी ड्राफ्ट बघतात. मर्यादा सर्वांत खोल भागाला लागू असते, सरासरीला नाही.

दुसरं, पायलट. जगभर पायलट हा सल्लागार असतो आणि जबाबदारी कॅप्टनची राहते. पनामात पायलट जहाजाच्या हालचालीचा ताबाच घेतो. त्यामुळे कॅप्टनने इंजिन, सुकाणू, नांगर यांतला प्रत्येक दोष आधी सांगायचा असतो. रिव्हर्स द्यायला इंजिन दहा सेकंद जास्त घेतं, एवढंसुद्धा. लॉकमध्ये दहा सेकंद म्हणजे दरवाजा.

तिसरं, दोर. जहाज लॉकच्या मधल्या भिंतीजवळ आलं की अजूनही दोन माणसांची वल्ह्याची होडी येते. जहाजावरून पातळ दोरी खाली सोडतात, होडीतला माणूस ती भिंतीवरून आलेल्या दोरीला बांधतो, मग तिच्यामागे पोलादी तारा वर ओढून घेतात. रॉकेटने दोरी उडवण्यापासून बाकी सगळे उपाय करून पाहिले म्हणतात, वल्हंच टिकलं. त्या तारा भिंतीवरच्या विजेच्या इंजिनांना जोडतात. त्यांना तिथे 'म्यूल', खेचर म्हणतात. आत्ताची खेचरं मित्सुबिशीची, साधारण ५० टनांची. दातेरी रुळावर चालतात, म्हणून पायऱ्यांमधला तीव्र चढ चढू शकतात. मोठ्या जहाजाला आठ लागतात. फोटो पाहून वाटतं की ती जहाज ओढतात. तसं नाही. जहाज पुढे जातं ते स्वतःच्या इंजिनावर. खेचरं त्याला मध्यावर धरतात आणि थांबवतात. ३२.३१ मीटरचं जहाज ३३.५३ च्या खोलीत, म्हणजे प्रत्येक बाजूला ६१ सेंटिमीटर. हात लांब केला तर भिंतीला लागेल.

शंकासुर:

सुएझला लॉक नाही, सरळ खणला. इथे पण तसंच का नाही केलं? खर्च एकदाच झाला असता, पाण्याची कटकट कायमची गेली असती. आणि आपल्याकडून अमेरिकेला जाणारी जहाजं इथूनच जातात ना?

सुकाणू:

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. न्हावा शेव्याहून न्यूयॉर्कला जायचा मार्ग सुएझचा, तो बंद असेल तर आफ्रिकेला वळसा. कॅलिफोर्नियाला जायचं तर सिंगापूरमार्गे पॅसिफिक. पनामा आपल्या वाटेवर येत नाही. त्याचं खरं गिऱ्हाईक म्हणजे पूर्व आशिया ते अमेरिकेचा पूर्व किनारा, अमेरिकेच्या आखातातून आशियाला जाणारा गॅस आणि धान्य, आणि चिली-पेरू-इक्वादोरचा माल. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को केप हॉर्नवरून सुमारे २२,५०० किलोमीटर, इथून साधारण ९,५००. मराठी-कोकणी खलाशी मात्र या कालव्यातून पुष्कळ जातात, ते दुसऱ्यांच्या जहाजांवरून.

जुनेकागद:

शंकासुरजी, 'सरळ खणूया' हेच फर्दिनांद द लेसेप्स म्हणाला होता, आणि त्यात फ्रान्समधल्या हजारो लहान गुंतवणूकदारांची पुंजी बुडाली.

सुएझ १८६९ ला पूर्ण झाला आणि लेसेप्सची कीर्ती गगनाला भिडली. १८७९ ला पॅरिसमध्ये परिषद भरली, तीत समुद्रसपाटीचा कालवा मंजूर झाला. त्याच परिषदेत गोदें द लेपिने नावाच्या अभियंत्याने उठून सांगितलं होतं की चाग्रेसवर धरण घाला, तळं करा, दोन्हीकडून लॉकने चढवा. म्हणजे आज जे आहे जवळपास तेच. त्याचं कुणी ऐकलं नाही. लेसेप्स मुळात अभियंता नव्हता, राजनैतिक अधिकारी होता. सुएझला सपाट, कोरडी वाळू होती. इथे मधोमध डोंगराची धार, आणि आडवी येणारी चाग्रेस, जी पावसाळ्यात एका दिवसात कित्येक मीटर चढते. समुद्रसपाटीचा चर खणला तर ती नदी धबधब्यासारखी त्यात पडणार. तिला वळवायला दुसरा कालवा हवा. काम १८८१ ला सुरू झालं, १८८९ ला कंपनी दिवाळखोरीत गेली. शेवटी शेवटी लॉक मान्य केले, ते बांधायला आयफेलला आणलं, पण तोवर पैसा संपला होता. फ्रेंचांच्या काळात सुमारे २२,००० माणसं गेली असा अंदाज दिला जातो, मुख्यतः पीतज्वर आणि मलेरियाने.

त्यातली एक गोष्ट आपल्याला पटकन कळेल. आपण फडताळाच्या पायाखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवतो ना, तसं फ्रेंच इस्पितळांत पलंगांच्या पायाखाली पाण्याची भांडी ठेवलेली असत. बागेतल्या झाडांभोवतीही पाण्याची आळी. जाळ्या कुठेच नाहीत. एडिस डासाला अंडी घालायला याहून बरी जागा कोणती? पाय मुरगळला म्हणून दाखल झालेला माणूस पीतज्वराने जायचा. डासाचा सिद्धांत क्यूबातल्या कार्लोस फिनलेने १८८१ मध्येच मांडला होता, पण तो सिद्ध व्हायला १९०० उजाडलं. मलेरियाचा दुवा १८९७ ला रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत लावला.

अमेरिकेने १९०४ ला काम हातात घेतलं तेव्हा डॉक्टर विल्यम गोर्गसने हे दोन्ही शोध वापरले. घराघरांत धुरी, उघड्या पाण्यावर तेल, खिडक्यांना जाळ्या, शहरांना नळाचं पाणी, म्हणजे लोकांना रांजण भरून ठेवायला लागू नयेत. १९०५ च्या अखेरीस पनामा सिटीतला पीतज्वर संपला. मलेरिया कमी झाला, गेला नाही.

पण 'अमेरिकेने सगळं नीट केलं' असंही नाही. कामगार बहुतांश बार्बाडोस आणि इतर कॅरिबियन बेटांवरचे. गोऱ्यांना सोन्याच्या नाण्यांत पगार, यांना चांदीच्या. 'गोल्ड रोल' आणि 'सिल्व्हर रोल' अशा दोन याद्या, आणि टपालखात्याच्या खिडकीपासून राहण्याच्या जागेपर्यंत सगळं त्याप्रमाणे वेगळं. अमेरिकी काळातले नोंदलेले मृत्यू ५,६०९. त्यांत फार मोठा वाटा याच लोकांचा.

मुरूम:

जुनेकागद यांनी डोंगराचा उल्लेख केला, त्यावर थोडं खणतो.

कुलेब्राची खिंड १३.७ किलोमीटर लांब. तिथला खडक भक्कम नाही. वर बसाल्टचे कठीण थर आणि खाली मऊ शेल, चिकणमातीसारखा. पावसात तो शेल साबणासारखा घसरतो. सुरुवातीला वाटलं की बाजू थोड्या तिरक्या केल्या की थांबेल. पण चर जितका खोल तितकं बाजूच्या डोंगराचं वजन उघडं पडतं, आणि मग घसरण फक्त उतारावरून होत नाही. दोन्ही बाजूंच्या दाबाने चराचा तळच मधून फुगून वर येतो. रुळांखालची जमीन उचलली जायची, काल खणलेलं आज भरलेलं. कुकाराचाची दरड तर फ्रेंचांच्या काळापासून सुटी घ्यायला तयार नव्हती.

घाटातल्या दरडी बघणाऱ्यांना उपायही ओळखीचा वाटेल: पायथ्याचं काढत बसू नका, माथ्याचं वजन कमी करा. डोंगर वरून कापत गेले, उतार कमी कमी करत नेले, आणि खिंड ठरवल्यापेक्षा कितीतरी रुंद झाली. खरी करामत मात्र माती वाहण्याची. मुख्य अभियंता जॉन स्टीव्हन्स हा मूळचा रेल्वेवाला. १९०५ ला आल्यावर त्याने खोदकाम थांबवलं आणि आधी रूळ नीट केले. स्टीम शॉव्हेलची एक बादली खाली झाली की दुसरा रिकामा डबा शेजारी हवा, नाहीतर शॉव्हेल नुसता वाफ सोडत उभा. त्याच्यानंतर १९०७ ला आलेल्या गोएथल्सने काम पूर्ण केलं, नाव त्याचं झालं. माझ्या मते श्रेय स्टीव्हन्सचं जास्त.

१५ ऑगस्ट १९१४ ला 'अँकॉन' हे जहाज गेलं आणि कालवा उघडला. पण पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९१५ मध्ये, दोन्ही बाजूंच्या दरडी एकदम आल्या आणि कालवा एप्रिल १९१६ पर्यंत बंद होता. मूळ खिंड तळाशी ९१ मीटर रुंद होती. नंतर १५२ आणि मग त्याहूनही जास्त केली. गाळ उपसणारी यंत्रं आजही तिथे कायम असतात.

शंकासुर:

पटलं, शब्द मागे. पण २०१६ ला नवीन लॉक झाले ना? त्यात पाणी वाचतं म्हणे. मग प्रश्न सुटायला हवा होता.

मोरीवाला:

वाचतं, पण जितकं वाटतं तितकं नाही.

नव्या खोल्या ४२७ मीटर लांब, ५५ रुंद, १८.३ खोल. पॅसिफिककडे कोकोली, अटलांटिककडे आग्वा क्लारा. प्रत्येक खोलीला बाजूला तीन उथळ टाक्या, पायऱ्यांसारख्या वेगवेगळ्या उंचीवर. खोलीतलं पाणी पाच समान थरांत आहे असं समजा. सर्वांत वरचा थर वरच्या टाकीत सोडायचा, दुसरा मधल्या टाकीत, तिसरा खालच्या. उरलेले दोन थर पुढच्या पायरीत जातात. पुन्हा भरताना आधी खालची टाकी रिकामी करायची, मग मधली, मग वरची. तीन पंचमांश पाणी परत आलं, वरून फक्त दोन पंचमांश घ्यायचं. सगळं उतारावर, इथेही पंप नाही. ६० टक्के बचत म्हणतात ती ही. पण खोलीच इतकी मोठी आहे की एका जहाजामागचा निव्वळ वापर जुन्या लॉकपेक्षा फक्त ७ टक्के कमी. टनामागे बघितलं तर मोठा फायदा, तळ्याच्या नजरेने जवळपास तेवढंच.

आणि या टाक्यांची एक किंमत आहे. खालच्या पायरीतलं पाणी समुद्रात मिसळून खारट झालेलं असतं. तेच पाणी टाकीत ठेवून परत वापरलं की मीठ एकेक पायरी वर चढतं. जुन्या लॉकमध्ये प्रत्येक वेळी ताजं पाणी खाली जाऊन मीठ धुऊन काढायचं. गाटूनचा खारेपणा नव्या लॉकनंतर वाढला आहे, आणि पिण्याचं पाणी तिथूनच. त्यामुळे कधी कधी मुद्दाम टाक्या न वापरता पाणी सोडावं लागतं. पाणी वाचवावं तर मीठ, मीठ घालवावं तर पाणी.

दरवाजेही वेगळे. जुने दरवाजे दोन फळ्यांचे, मिटले की व्ही आकार, टोक जास्त पाण्याच्या दिशेला. पाण्याचा दाबच त्यांना घट्ट बसवतो. फळी साधारण २० मीटर रुंद, दोन मीटर जाड, आतून पोकळ, त्यामुळे अर्धवट तरंगते आणि बिजागरीवर भार कमी येतो. मिराफ्लोरेसच्या खालच्या तोंडाचे सर्वांत उंच, २५ मीटर, ६६२ टन. इतके उंच का, तर पॅसिफिकला भरती-ओहोटीचा फरक सहा मीटरपर्यंत जातो, अटलांटिकला अर्धा मीटरसुद्धा नाही. एकाच मिराफ्लोरेसची चढण भरतीला १३ मीटर, ओहोटीला जवळपास २०. पाणी किती लागणार हेही मग वेळेवर ठरतं.

नव्या लॉकला सरकते दरवाजे, इटलीत बनवून जहाजावरून आणलेले, एकूण १६. भिंतीतल्या खाचेत आडवे आत जातात. प्रत्येक जागी दोन, म्हणजे एक दुरुस्तीला काढला तरी काम चालू. जुन्या दरवाजांना दुरुस्तीसाठी अख्खी लेन बंद ठेवावी लागते. खेचरं मात्र नव्या लॉकला नाहीत. पुढे एक टग (जहाज ओढणारी छोटी बोट), मागे एक टग, तेही जहाजाबरोबर खोलीत. याची सवय व्हायला वेळ लागला, सुरुवातीला भिंतींचे रबरी फेंडर बरेच फाटले.

उद्घाटनाआधी, ऑगस्ट २०१५ मध्ये, कोकोलीत पाणी भरून चाचणी घेताना दोन खोल्यांमधल्या उंबरठ्याच्या काँक्रीटमधून पाणी झिरपताना दिसलं. कारण साधं होतं: त्या भागात सळ्या कमी पडल्या होत्या. भोकं पाडून जादा सळ्या घालाव्या लागल्या. २६ जून २०१६ ला लॉक उघडले.

कोयनाकाठ:

मस्त माहिती. खारट पाण्याचं हे माहीत नव्हतं. आता २०२३ बद्दल कुणीतरी लिहा.

गलबत:

तिथे पावसाळा मे ते डिसेंबर, मग चार महिने कोरडे. २०२३ ला एल निनो, आणि पावसाळ्यातच पाऊस रुसला. ऑक्टोबर २०२३ हा १९५० पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑक्टोबर. एरवी डिसेंबरअखेर तळं ८७-८८ फुटांवर असतं, कारण पुढचा उन्हाळा काढायचा असतो. त्या वर्षी ते ८२ च्या आसपास होतं.

उपाय टप्प्याटप्प्याने केले. नव्या लॉकचा ड्राफ्ट ५० फुटांवरून ४४ वर आणला. जुलैअखेर रोजची जहाजं ३६ वरून ३२, नोव्हेंबरात २४-२५, डिसेंबरात २२. फेब्रुवारीला १८ करायचं जाहीर झालं होतं, पण नोव्हेंबरात जरा पाऊस झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये उलट २४ केली. ३६ वर परत यायला त्याच वर्षीचा पावसाळा उजाडावा लागला.

लॉकच्या आतल्या युक्त्याही होत्या. दोन लहान जहाजं एकाच खोलीत. जुन्या लॉकच्या दोन लेन शेजारी शेजारी आहेत आणि मधल्या भिंतीत बोगदा आहे. एका लेनची खोली रिकामी होताना ते पाणी शेजारच्या खोलीत घ्यायचं. याने रोज सहा जहाजांइतकं पाणी वाचलं. मात्र दोन्ही लेनमधल्या जहाजांची वेळ जुळवावी लागते, म्हणून वेग मंदावतो. गाटूनला जहाज बाहेर ढकलायला थोडं पाणी सोडायची पद्धत होती, ती बंद केली. वीजनिर्मिती थांबवली.

पैशाची बाजू बघा. २०२० च्या फेब्रुवारीत कालव्याने चक्क पाणीपट्टी लावली: एक ठोक रक्कम, आणि वर टोलच्या १ ते १० टक्के, तळं जितकं खाली तितका टक्का जास्त. आणि रांग टाळायची असेल तर उरलेल्या जागांचा लिलाव. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका जपानी कंपनीने एका जागेसाठी जवळपास ४० लाख डॉलर मोजले. टोल वेगळा!

सुकाणू:

ड्राफ्ट सहा फूट कमी म्हणजे काय ते सांगतो. सहा फूट म्हणजे १८३ सेंटिमीटर. मोठ्या कंटेनर जहाजाला सेंटिमीटरला १२० टन धरा. २२ हजार टन माल सोडून यायचा. २० फुटी कंटेनर सरासरी १२ टनांचा धरला तर १,८०० हून जास्त. यावर केलेला तोडगा: जहाज एका टोकाला आलं की जादा कंटेनर उतरवायचे, ते कालव्याला समांतर धावणाऱ्या ७७ किलोमीटरच्या रेल्वेने पलीकडे न्यायचे, आणि हलकं झालेलं जहाज पार गेलं की परत चढवायचे. दोनदा क्रेनचा खर्च, पण वळशापेक्षा स्वस्त.

बल्क जहाजांना ही सोय नाही. गहू, मका, कोळसा वाटेत उतरवता येत नाही, आणि त्यांच्याकडे आगाऊ ठरवलेली जागाही सहसा नसते. कंटेनरवाले वेळापत्रकावर चालतात, महिनोन् महिने आधी बुकिंग करतात. म्हणून दुष्काळात सगळ्यांत आधी धान्याची जहाजं बाहेर फेकली गेली. त्यांनी सुएझ किंवा केपचा रस्ता धरला, आणि नेमकं २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले. दोन्ही कालवे एकाच वेळी आखडले.

शंकासुर:

आणि हा कालवा चीन चालवतो हे खरं का?

जुनेकागद:

नाही. १९०३ च्या करारापासून तो आणि दोन्ही बाजूंचा पाच-पाच मैलांचा पट्टा अमेरिकेच्या ताब्यात होता. १९७७ ला पनामाचे तोरिहोस आणि अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी करार केले, आणि ३१ डिसेंबर १९९९ ला दुपारी कालवा पनामाकडे आला. तेव्हापासून पनामाचं स्वायत्त प्राधिकरण चालवतं. दोन्ही टोकांच्या बंदरांतले कंटेनर टर्मिनल वेगवेगळ्या परदेशी कंपन्यांनी चालवायला घेतलेले असतात, त्यावरून गोंधळ होतो. लॉकची झडप त्यांच्या हातात नाही.

कोयनाकाठ, तुमच्यासाठी एक मुद्दा राहिला. वर चाग्रेसवर १९३५ ला दुसरं धरण झालं, मॅडन; त्याचं तळं आलाहुएला. ते पुराला आवर घालतं आणि उन्हाळ्यासाठी साठवतं. आता तिसरं हवं आहे. पश्चिमेच्या रिओ इंदिओ नदीवर धरण बांधून सुमारे ९ किलोमीटरच्या बोगद्यातून पाणी गाटूनला आणायची योजना आहे, खर्च १.६ अब्ज डॉलरच्या घरात. त्यात दोन हजारांहून अधिक माणसं उठणार. ती शेतकरी मंडळी विरोधात उतरली आहेत. गाटून भरताना १९१० च्या दशकातही गावं आणि जुनी रेल्वे पाण्याखाली गेली होती.

कोयनाकाठ:

धरणग्रस्त सगळीकडे सारखेच. पुनर्वसन आधी, घळभरणी नंतर, एवढं जरी पाळलं तरी खूप.

शेवटचा प्रश्न. खासगी शिडाच्या होड्यासुद्धा जातात म्हणे. एका होडीसाठी २० कोटी लिटर?

सुकाणू:

खोली भरायला लागणारं पाणी आतल्या जहाजाच्या आकारावर ठरत नाही, म्हणून होडीला एकटीला सहसा सोडत नाहीत. दोन-तीन होड्या शेजारी शेजारी बांधून एक तराफा करतात आणि मोठ्या जहाजाबरोबर त्याच खोलीत घालतात. प्रत्येक होडीवर चालवणाऱ्याखेरीज चार दोर धरणारे आणि ३८ मीटरचे चार दोर सक्तीचे. चढताना होडी मोठ्या जहाजाच्या मागे ठेवतात, उतरताना पुढे. चढताना पाणी फरशीतून उसळतं, दोर सतत आवळत राहावं लागतं. उतरताना सैल सोडत जावं लागतं, आणि खुंटीला गाठ मारून ठेवली तर होडी दोरावर लटकते. सर्वांत वाईट क्षण दार उघडल्यानंतरचा. पुढचं मोठं जहाज पंखा फिरवतं, तो प्रवाह बंद खोलीत मागे येतो, आणि ज्याने 'झालं' समजून दोर आधीच सोडला त्याची होडी भिंतीवर आडवी जाते. समोरचं जहाज पूर्ण बाहेर पडेपर्यंत दोर हातात.